सातव्या आवाजाचं वजन

१

बुधवारी सकाळी आवाजघरातला फोन वाजला, तेव्हा एर्सिलिया बेन्तांकुर पाकिटं चिकटवत बसल्या होत्या. तिथे पत्रं लिहिणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. पण सत्तरीच्या बायांना मोबाइलवर आलेला निरोप निरोपच वाटत नाही, कागद हातात लागतो. म्हणून ते काम एर्सिलियाबाईंकडे; पत्ते मात्र इवोन स्वतः घालायची. टपालात जन्म काढलेल्या बाईला दुसरं काम द्यायचं तरी कुठलं?

पलीकडून एक कोरडा, म्हातारा आवाज म्हणाला, "मी सातवी बोलतेय."

आवाजघरात बायकांना नावं नव्हती, आकडे होते. लष्करी राजवटीत छावण्यांमध्ये डांबलेल्या नऊ जणींनी जवळजवळ पन्नास वर्षांनी तोंड उघडलं होतं. मोंतेविदेओ या राजधानीच्या जुन्या वस्तीत, खिळे-कुलपं विकणाऱ्या दुकानाच्या माडीवरच्या या दोन खोल्यांनी ते ऐकून घेतलं होतं. बोलणी यंत्रावर घेतली जात आणि कुलूपबंद करून क्लाउडवर ठेवली जात. कुलूप असं की ज्या कंपनीकडे फाइल ठेवली, तिलासुद्धा ती उघडता येऊ नये. किल्ली फक्त तिघांकडे.

सातवी सांगू लागली. काल दुपारी तिच्या दारात एक माणूस आला. राखाडी स्वेटर, चकचकीत बूट, हातात मिठाईचा डबा. मी कर्नलसाहेबांचा भाचा, असं त्याने अदबीने सांगितलं. मग म्हणाला की बाई, तुम्ही तीनदा बोललात, तिन्ही वेळा गुरुवारी. तिसऱ्यांदा तर दोन तासांच्या वर बोललात. या वयात एवढं आठवायचा त्रास कशाला करून घेता? डबा खिडकीत ठेवून तो निघून गेला.

"मी शेजारणीला सांगितलं नाही, भाचीला सांगितलं नाही," सातवी म्हणाली. "माझं दार तुमच्याकडच्या तिघांनाच माहीत आहे. त्यांतल्या कुणी मला विकलं ते शुक्रवारपर्यंत सांगा. नाही सांगितलंत, तर माझा आवाज पुसून टाका. सोमवारी तो कोर्टात जाणार नाही."

सोमवारी छावणीचा प्रमुख असलेल्या कर्नलची सुनावणी होती. तिथून बेपत्ता झालेल्या दार्दो पिरिस या पोराला आपण जुलैतच सोडून दिलं, असं कर्नल शपथेवर सांगत आला होता. ऑगस्टच्या नऊ तारखेला त्याच छावणीत दार्दोला जिवंत पाहिलेली एकच बाई आता हयात होती. ती ही सातवी. तिचा आवाज पुसला, की खटल्यात उरायचं काय? साक्षीदाराचं नुसतं रिकामं बाक.

एर्सिलियाबाईंनी फोन ठेवून मान वर केली. किल्लीवाली तिन्ही माणसं त्याच खोलीत उभी होती.

२

पहिली इवोन पिरिस, आवाजघराची चालक. वय सत्तर, केस पांढरेशुभ्र, पाठ अजून ताठ. दार्दो तिचा धाकटा भाऊ. दुसरी नाहिर तेचेरा, एकोणतीस वर्षांची, यंत्रं आणि कुलपं सांभाळणारी. तिसरे वकील मिल्टन अरोस्तेगी, साठीचे, पोट सुटलेले, बगलेत कायम गरम पाण्याचा थर्मास आणि हातात 'माते' नावाचा कडू चहा नळीने प्यायचा तुंबा.

फोनवरचं सगळं ऐकल्यावर इवोन नाहिरकडे वळली. तिने आवाज चढवला नाही. तुझे आजोबा त्याच छावणीत आचारी होते, हे मला गेल्या महिन्यात कळलं, एवढंच ती म्हणाली.

नाहिरचे कान लाल झाले. "मग गेल्या महिन्यातच विचारायचं होतंत. ते तिथे भोपळे सोलत होते. त्या भोपळ्यांबद्दल काय हवं ते विचारा, सांगते."

मिल्टन मध्ये पडायला गेले, तर नाहिर त्यांच्यावर घसरली. कर्नलच्या वकिलाबरोबर कॉफी पिताना त्यांना अख्ख्या गल्लीने पाहिलं होतं. मिल्टन म्हणाले, तो माझा कॉलेजातला मित्र आहे, आणि या एवढ्याशा देशात शत्रूबरोबर कॉफी प्यायची नाही म्हटलं तर माणसाने एकट्यानेच बसावं.

"आणि तुमचा पासवर्ड काय?" नाहिर म्हणाली. "फुटबॉल क्लबाचं नाव, पुढे त्यांच्या जिंकण्याचं साल. तीनदा बदलायला लावला मी. तिन्ही वेळा सालच तेवढं बदललंत."

इवोन खुर्चीत बसली. तिघांपैकी कुणीही उरलेल्या दोघांची चौकशी करू शकत नव्हतं, हे तिला कळत होतं. "एर्सिलिया, तू विचार आम्हाला," ती म्हणाली. "तुझ्याकडे किल्ली नाही, पत्ता नाही. तुझ्यापुढे आम्ही तिघं सारखीच."

"अगं, मी पाकिटं चिकटवणारी बाई."

"म्हणूनच म्हणते."

एर्सिलियाबाईंनी डिंकाची बाटली बंद केली. दोन दिवस होते. सातवीला देण्यासाठी नाव हवं होतं, आणि यांतलं कुठलंही नाव निघालं तरी आवाजघर बुडणार होतं.

३

आधी त्यांनी नाहिरला स्वयंपाकघरात बसवलं. पोरीने पडद्यावर सगळं उघडून दाखवलं. सातवीच्या तीन फाइली होत्या. कुणाच्या यंत्रावरून केव्हा उघडल्या, याची नोंद होती. इवोनने एकदा, मिल्टननी एकदा, दोन्ही वेळा याच खोलीत. बाहेरच्या कुणी कुलपाला हातसुद्धा लावलेला नव्हता. नाहिरने शपथबिपथ घेतली नाही. ती म्हणाली, "एर्सिलियाबाई, हे कुलूप मोडत नाही. कंपनीवाल्यांना उद्या तुरुंगात टाकलं तरी आत काय आहे ते त्यांना सांगता येणार नाही. म्हणजे आमच्या तिघांपैकीच कुणीतरी. आणि तिघांत आजोबा माझेच आचारी."

तिच्या आवाजातला कडवटपणा खरा होता. पण कडवटपणा हा काही पुरावा नव्हे.

मिल्टन बराच वेळ स्वतःवरच चिडलेले होते. आपण ती बोलणी एकदाच, सुनावणीच्या तयारीसाठी ऐकली, आणि तीही पहिली दोनच, असं त्यांनी सांगितलं. तिसरी पाच मिनिटं ऐकून बंद केली. का, असं विचारल्यावर त्यांनी तुंब्यातली नळी उगीचच ढवळली. "त्यात माझ्या कामाचं काही नव्हतं," ते म्हणाले.

एर्सिलियाबाईंना हे विचित्र वाटलं. दोन तासांच्या बोलण्यात वकिलाच्या कामाचं काहीच नसावं? त्यांनी आणखी एक गोष्ट टिपून ठेवली. बाकीच्या आठ जणींपैकी कुणाच्याही दारात कुणी गेलं नव्हतं. सकाळपासून त्यांनी इवोनने दिलेल्या नंबरांवर स्वतः एकेकीला फोन करून खात्री केली होती. ज्याच्या हाती किल्ली आहे त्याच्या हाती नऊ जणी आहेत. मग त्याने एकीलाच का विकावं?

शेवटी इवोन. तिच्याशी बोलणं सगळ्यांत जड गेलं, कारण ती जुनी मैत्रीण. इवोनने आवाजघराची रीत पहिल्यापासून सांगितली. ती आणि नाहिर गाडीने त्या बाईच्या घरी जायच्या. यंत्र टेबलावर ठेवायचं, आणि बाई गप्प झाली तरी बंद करायचं नाही. गप्प बसायचाही तिला हक्क आहे, हा इवोनचा नियम. बोलणं संपलं की तिच्या घरातून पाऊल बाहेर टाकण्याआधी, तिच्याच इंटरनेटवरून, तिच्या डोळ्यांदेखत फाइल कुलूपबंद करून चढवायची आणि यंत्र पुसायचं. जुन्या दिवसांत कागद रस्त्यात हिसकावले जात. म्हणून, बाई गं, तुझा आवाज घेऊन आम्ही रस्त्याने फिरणार नाही, असं त्या प्रत्येकीला सांगत.

"सातवीलाही तसंच?"

"तिन्ही वेळा. ती पडद्याकडे बघत बसायची. शेवटची रेघ भरली की मग चहा टाकायची."

"आणि तिसऱ्या वेळी ती दोन तास काय बोलली?"

इवोनने मैत्रिणीकडे पाहिलं. "काहीच नाही," ती म्हणाली. "तिसऱ्या वेळी मी दार्दोचा फोटो नेला होता. तिने तो हातात घेतला. हाच तो, एवढं म्हणाली. मग दोन तास आम्ही दोघी नुसत्या बसलो होतो."

४

एर्सिलियाबाई त्या दुपारी बसने घरी गेल्या नाहीत. किनाऱ्याच्या रस्त्याने चालत निघाल्या. ढग उतरलेले, नदीचं पाणी तपकिरी, आणि कठड्यावर जोडपी थर्मास मध्ये ठेवून बसलेली. चालताना त्यांना डोक्यात एकच वाक्य लावून पाहायचं होतं. तिसऱ्यांदा तर दोन तासांच्या वर बोललात.

ज्याने ती फाइल ऐकली असेल, तो असं म्हणेल? त्याला ठाऊक असणार की ती बोललीच नाही. यंत्राला मात्र शांतता काय आणि बोलणं काय, दोन्ही सारखंच भरतं. तेव्हा त्या भाच्याला फाइल किती मोठी ते माहीत होतं. आत काय, ते नव्हतं.

हे ध्यानात आलं आणि एर्सिलियाबाई कठड्याला टेकून उभ्याच राहिल्या.

सत्तावीस वर्षांच्या असताना त्या उत्तरेकडच्या एका लहान गावात टपालाच्या खिडकीवर होत्या. काय दिवस होते ते. डिंकाचा आणि लाखेचा वास, तागाची पोती, पितळी तराजू इतका नाजूक की पाकिटावर केस पडला तरी काटा हलावा. गावातलं प्रत्येक अक्षर त्या ओळखत. पाकीट न वाचता सांगत, की ही आई, हा कर्जदार, आणि हा प्रेमात पडलेला. मग राजवट आली आणि त्यांच्या खुर्चीमागे एक हवालदार वही घेऊन बसू लागला. सभ्य माणूस. आम्ही कुणाचं पत्र फोडत नाही, असं तो अभिमानाने सांगे. आणि खरंच फोडत नसे. कुणी, कुणाला, कोणत्या दिवशी आणि वजन किती, एवढंच तो पाकिटाच्या बाहेरून उतरवून घेई. वजन एर्सिलियाच त्याला वाचून दाखवायची. दर पंधरवड्याला एकाच टपालपेटीतून, पाठवणाऱ्याच्या नावाशिवाय, एकाच पत्त्यावर आठशे ग्रॅमचं पुडकं जात होतं. चार महिन्यांनी त्या पेटीजवळ राहणाऱ्या शाळामास्तरणीला पहाटे उचलून नेलं. पुडक्यात काय होतं ते कुणीच पाहिलं नव्हतं. तसं पाहायची गरजच पडली नाही.

हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

त्या तशाच मागे फिरल्या. माडी चढेपर्यंत धाप लागली होती. नाहिर डबा बांधून निघायच्या तयारीत होती.

"पोरी, आतलं राहू दे," एर्सिलियाबाई म्हणाल्या. "बाहेरून काय दिसतं ते सांग."

नाहिर म्हणाली, बाहेरून काहीच नाही. फाइल केव्हा चढवली, किती मोठी आहे, कुठल्या इंटरनेटवरून आली, एवढंच. तेवढं कंपनीला ठेवावंच लागतं, त्याशिवाय काम चालत नाही. पण त्यावरून कुणाला काय...

वाक्य पुरं न करताच ती डबा हातात घेऊन खाली बसली.

५

गुरुवारी सकाळी एर्सिलियाबाईंनी मिल्टनना त्यांच्याच कचेरीत गाठलं आणि खटल्याचे कागद मागितले. तीन गठ्ठे होते. मिल्टन म्हणाले, यातलं सगळं दोन्ही पक्षांना मिळतं, लपवायचं काही नाही. एर्सिलियाबाई म्हणाल्या, तेच पाहायचंय. जन्मभर टपाल निवडलेल्या बोटांनी त्या पानं उलटत गेल्या, आणि मिल्टननी दोन तुंबे संपवले.

दुसऱ्या गठ्ठ्यात ते पान निघालं. दोन महिन्यांपूर्वी कर्नलच्या वकिलाने अर्ज केला होता, की साक्षी ज्या कंपनीकडे ठेवल्या आहेत, तिच्याकडून त्या मागवाव्यात. न्यायाधीशांनी विचारलं. कंपनीने अगदी प्रामाणिक उत्तर दिलं: आम्हाला आतलं काही उघडता येत नाही, जे आमच्याकडे आहे ते सोबत जोडत आहोत. सोबत आकड्यांचा एक तक्ता. तारीख, वेळ, आकार, आणि शेवटच्या रकान्यात आणखी एक आकडा.

"हे तुम्ही पाहिलं होतं?"

"पाहिलं की. हरकत घेणार होतो. मग म्हटलं, नुसते आकडे आहेत. आत काही नाही." बोलता बोलता मिल्टनचा आवाज उतरत गेला. तुंबा टेबलावर ठेवताना तो कलंडला आणि हिरवं पाणी कागदांकडे निघालं. एर्सिलियाबाईंनी ते पान आधीच उचलून घेतलं होतं.

शेवटच्या रकान्यातल्या आकड्याचा अर्थ आवाजघरात नाहिरने दोन मिनिटांत काढला, आणि तो कुणालाही काढता आला असता. बहुतेक ओळी मोंतेविदेओच्या होत्या. तीन ओळी तेवढ्या वेगळ्या.

"गाडी तयार ठेवा," एर्सिलियाबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी आपण चौघंही जाऊ. कुणी विकलं ते मी तिच्यासमोरच सांगेन."

इवोन गाडीची किल्ली शोधायला उठली.

६

सांता ओलाया म्हणजे एक चौक, एक चर्च, दोन दुकानं आणि चारी बाजूंनी गायरान. सातवीचं नाव नेल्दा कुएस्तास. शिवणकाम करून जगलेली, हाडांची मोळी झालेली बाई. तिने चौघांना आत घेतलं, पण बसा म्हणाली नाही. मिठाईचा डबा खिडकीत तसाच होता, दोरीसुद्धा सोडलेली नव्हती.

"बोला. कोण?"

"कुणीच नाही," एर्सिलियाबाई म्हणाल्या. "आणि आम्ही सगळ्यांनी."

नेल्दाच्या भुवया आक्रसल्या. एर्सिलियाबाई स्वतःच खुर्ची ओढून बसल्या, आणि पत्र वाचून दाखवावं तसं हळूहळू सांगत गेल्या. आधी दोन तासांची गोष्ट. तो माणूस म्हणाला, तुम्ही बोललात. तुम्ही तर गप्प होतात. त्याने ऐकलं असतं, किंवा ऐकलेल्या कुणी त्याला सांगितलं असतं, तर ही चूक झाली नसती. म्हणजे कुलूप शाबूत आहे. हे ऐकल्यावर नेल्दाने भिंतीला हात टेकला.

मग तो तक्ता. फाइल कुठल्या इंटरनेटवरून आली त्यावरून घर कळत नाही, गाव कळतं. मोंतेविदेओच्या आठ जणी लाखांच्या गर्दीत सुरक्षित राहिल्या. पण तीन गुरुवारी, तीन फाइली, सांता ओलायामधून.

"पण या गावातून त्या वर्षी तिघींना नेलं होतं," नेल्दा म्हणाली. "त्यातल्या दोघी..." आणि ती थांबली.

"दोघी वारल्या. आणि कुणाकुणाला नेलं होतं, हे त्या कर्नलपेक्षा जास्त कुणाला ठाऊक?"

इवोन पुढे आली. तुझ्यासमोर, तुझ्या घरातून चढवायचं हा माझा हट्ट होता, असं ती म्हणाली. तुला धीर वाटावा म्हणून. मीच त्याला तुझं दार दाखवलं. मिल्टननी तक्त्याला हरकत न घेतल्याचं कबूल केलं, आणि वकील असूनही कुठलंच कारण पुढे केलं नाही. नाहिर म्हणाली, आत इतकं घट्ट कुलूप लावलं की बाहेरून पाहायचं मला सुचलंच नाही. यापुढे सगळ्या फाइली एका मापाच्या करीन, एकाच जागेवरून, एकाच दिवशी चढवीन. पण तुमच्या बाबतीत उशीर झाला.

"तुझे आजोबा तिथे आचारी होते ना?" नेल्दाने एकदम विचारलं. "तेचेरा? तोंडावर व्रण?"

नाहिरने मान हलवली. ती मागे सरकली होती.

"भोपळ्याचं पाणचट सूप करायचा मेला," नेल्दा म्हणाली. "पण माझ्या ताटात दोनदा हाड टाकलंन." आणि ती खुर्चीवर बसली. तिचे खांदे हलू लागले तेव्हा सगळ्यांना वाटलं, रडतेय. ती हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती, आणि म्हणत होती की तीन रात्री मी या तिघांचे चेहरे एकेक करून डोळ्यांसमोर आणले, ही असेल की तो असेल, आणि दर वेळी वाटायचं की आता माणसांशी बोलायचंच नाही. त्या स्वेटरवाल्याची भीती नव्हती गं मला. तुमचीच वाटत होती.

इवोनने तिचा हात धरला. बऱ्याच वेळाने नेल्दाने तो सोडवून घेतला, कारण चहा टाकायचा होता.

चहा ओतताना तिने सहज विचारावं तसं विचारलं, "म्हणजे मी काय बोलले ते कर्नलला अजून माहीत नाही?"

"अक्षरही नाही," मिल्टन म्हणाले. "माहीत असतं तर भाच्याला इथवर पाठवलंच नसतं. दोन तासांत तुम्ही काय काय सांगितलंत, या धास्तीने त्याची झोप उडाली असणार."

"उडू दे." नेल्दा किटली धरून उभी राहिली. एर्सिलियाबाईंना त्या चेहऱ्यावर काहीतरी सैल होताना दिसलं, दाबून बांधलेल्या पुडक्याची गाठ सुटावी तसं. लपून राहण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, आणि ज्यांच्यापासून लपायला हवं असं वाटत होतं ती माणसं चार कप घेऊन तिच्याच टेबलाशी बसली होती.

"माझं गाव त्याला माहीत, दार माहीत. मग फाइल कशाला पाठवायची?" ती म्हणाली. "मीच येते की."

मिल्टननी तिला सावकाश समजावलं, की कोर्टात नाव सांगावं लागेल, तो समोर बसलेला असेल, त्याचा वकील वाटेल ते विचारील. तिने सगळं ऐकून घेतलं. मग इवोनकडे वळून ती म्हणाली, "तो फोटो आण. त्या दिवशी हाच तो, एवढंच बोलले मी. उरलेलं त्याच्या तोंडावर बोलेन."

इवोनने मान हलवली.

नेल्दाने शाल खांद्यावर घेतली, मागचं दार उघडलं आणि कुंपणापाशी गेली. पलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती. सत्तेचाळीस वर्षं या बाईने या कुंपणावरून हवापाण्याखेरीज काही बोलणं केलं नव्हतं. आता ती इतक्या मोठ्याने बोलली की आत स्वयंपाकघरात चौघांनाही स्पष्ट ऐकू आलं.

"रामोना, सोमवारी माझ्या कोंबड्यांना दाणे टाकशील? मोंतेविदेओला चाललेय. कोर्टात साक्ष आहे माझी."

शेजारणीने विचारलं, कसली साक्ष. नेल्दा कुंपणाला रेलून उभी राहिली आणि सांगू लागली.